बुजलेला कोनाडा

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. ‘घर पाहावे दुरुस्त करून’ असे मात्र कोणी म्हटलेले नाही. वास्तविक बांधण्यापेक्षा दुरुस्तीच माणसाची अधिक परीक्षा पाहते. नवे घर बांधणाऱ्याच्या मनात एक कल्पनाचित्र असते. ते प्रत्यक्षात जसे उतरेल तसे तो बापडा गोड मानून घेतो, कारण तुलना करायला त्याच्यापाशी दुसरे काही नसते. दुरुस्ती करणाऱ्याच्या मनात आठवण असते. आणि आठवणीच्या शेजारी उभा केला की जगातला कोणताही कारागीर थोडा उणाच दिसतो. म्हणून दुरुस्तीच्या कामाने निराश झालेल्या माणसाने प्रथम स्वतःलाच एक प्रश्न विचारावा: काम वाईट झाले आहे, की ते आठवणीसारखे झालेले नाही? पहिल्याबद्दल कारागिराला जाब विचारता येतो. दुसऱ्याबद्दल तो कोणालाच विचारता येत नाही.

आमचे घर बडोद्यास मांडवीजवळच्या एका पोळात आहे. मांडवी हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. व्यापारी मालाची जेथे तपासणी होते, जकात जेथे घेतली जाते, ती मांडवी. मुंबईला मांडवी आहे, कच्छात आहे, आणि गोमंतकीयांची मांडवी तर नदीच आहे. बडोद्याची मांडवी म्हणजे जुन्या शहराच्या ऐन मध्यावर उभा असलेला, चारी अंगांना तीन तीन कमानी असलेला चौरस मंडप. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडून आलेले रस्ते तेथे एकमेकांना भेटतात. मंडप गायकवाडांच्या आधीचा. अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल बसल्यावर त्याची डागडुजी झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गणपतराव गायकवाडांच्या काळात पुन्हा एकदा झाली. म्हणजे आज प्रवासी मान वर करून जी मांडवी पाहतो, ती दुरुस्तीवर दुरुस्ती होत टिकलेली वास्तू आहे. तिच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला दुरुस्तीचा तिटकारा असून चालत नाही.

आमचे घर तिच्या मानाने कालचे. भाजलेली वीट, चुन्याचा दर्जा आणि सागवानी खांब-तुळया, असा त्याचा साधा संसार. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला महापूर आला, तेव्हा कोटातल्या उंचवट्यामुळे पुराचे पाणी आमच्यापर्यंत आले नाही. पण वरून जे कोसळले त्याने अगाशी हार गेली. (गच्चीला आम्ही बडोदेकर मराठी माणसे अगाशीच म्हणतो.) पाणी मुरत मुरत माजघराच्या भिंतीत उतरले आणि गिलावा पोपडे धरून पडू लागला. पुढच्या उन्हाळ्यात काम काढायचे ठरले.

कंत्राटदार मध्यम वयाचा, बोलण्यात गोड आणि मोटारसायकलवरून कधी उतरलाच नसावा असा घाईचा होता. त्याच्याशी झालेला करार मी कागदावर लिहून काढला आणि त्याने त्यावर सही केली. कलमे चारच होती. माजघराच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करायचा, सिमेंट लावायचे नाही. सागवानी लाकडाला तेलाचा रंग द्यायचा नाही. अगाशीचा उतार पन्हळीकडे काढायचा, पाणी कोठेही तुंबता कामा नये. आणि चार लाख वीस हजारांपैकी पाव रक्कम आरंभी, निम्मी काम अर्धे झाल्यावर, उरलेली पाव पहिला पाऊस पडून गेल्यावर. प्रत्येक कलम वाचून दाखवले की तो म्हणे, “चिंता ना करशो, काका, थई जशे.”

चुन्याचा माझा आग्रह हा म्हातारपणाचा हेका नव्हता. चुनखडी भाजावी, पाण्यात विरवावी, वाळू आणि सुरखी घालून घाणीत मळावी, काही दिवस मुरू द्यावी आणि मग भिंतीला लावावी. त्यानंतर तो चुना हवेतला कर्बवायू घेत हळूहळू पुन्हा दगड होत जातो. ही क्रिया वर्षानुवर्षे चालते. असा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते, म्हणूनच जुनी घरे श्वास घेतात असे म्हणतात. १८२४ साली इंग्लंडात ज्याचे पेटंट घेतले गेले त्या पोर्टलंड सिमेंटने जगाची बांधणी बदलून टाकली. त्याच्या ताकदीविषयी वादच नाही. परंतु जुन्या, मऊ विटेवर त्याचा घट्ट थर दिला की आतली ओल कोंडली जाते, विटेतले क्षार स्फटिक होऊन फुगतात, आणि लोणा लागून वीट आतल्या आत भुगा होऊ लागते. वरून भिंत गुळगुळीत दिसत असते. रोग झाकून रोग्याला नवा अंगरखा घालावा, तसा हा प्रकार.

एप्रिल-मे मध्ये काम चालले. आरंभीचे आठ दिवस कंत्राटदार रोज येई, नंतर दुसरीकडे मोठे काम मिळाल्याने तो येईनासा झाला. मजूर दर आठवड्याला बदलत. चुना दोन भिंतींपुरता आला. तिसरीवर, मी चार दिवस बाहेरगावी असताना, सिमेंट चढले. सागाच्या दोन खांबांवर चॉकलेटी तेलरंगाचे हात फिरले. जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला आणि अगाशीच्या ईशान्य कोपऱ्यात घोट्याएवढे तळे साचले. महिन्याभरात सिमेंटच्या भिंतीच्या पायथ्याशी पांढरी बुरशी दिसावी तसा लोणा फुटला. हे सारे वाईट काम होते. त्यात आठवणीचा काही दोष नव्हता; कागद समोर ठेवून बोटाने दाखवता येईल असे ते होते.

पण एक गोष्ट कागदावर नव्हती. माजघराच्या त्या तिसऱ्या भिंतीत, जमिनीपासून साडेतीन हातांवर, महिरपीचा एक लहान कोनाडा होता. माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. गेली सहा-सात वर्षे तिला जवळजवळ दिसत नाही. लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवसापासून तिन्हीसांजेचा दिवा ती त्या कोनाड्यात ठेवीत आली. दृष्टी गेल्यावरही तिला कोणाचा हात लागत नसे. उजव्या हातात दिवा, डावा हात भिंतीवरून सरकत जाई, बोटांना महिरपीची कड लागली की दिवा नेमका आत बसे. भिंत सरळ करताना तो कोनाडा विटा घालून बुजवला गेला. विशेष म्हणजे सगळ्या कामात तेवढेच काम अतिशय नेटके झाले होते. ज्या मजुराने ते केले तो दाहोदकडचा, आदल्या दिवशीच कामावर आलेला होता. भिंतीतले भोक राहून गेले आहे अशी समजूत करून घेऊन त्याने मन लावून ते भरले असावे. आई त्या संध्याकाळी बराच वेळ भिंत चाचपत राहिली. मग तिने दिवा खाली जमिनीवर ठेवला आणि विचारले, “अरे, मी दुसऱ्या खोलीत आले का?”

माझी निराशा तेथे रागात बदलली. सल्ला देणारे पुष्कळ होते. पुतण्या म्हणाला, ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बांधकाम ही सेवा धरलेली आहे आणि सेवेतल्या उणिवेबद्दल दाद मागता येते. त्याचे म्हणणे खरे होते. शेजाऱ्यांचे मत असे की, शेवटचा हप्ता देऊ नये आणि फोनही उचलू नये; कंत्राटदार आपोआप येईनासा होतो. हेही खरे होते. एक स्नेही प्राच्यविद्येचे अभ्यासक. ते हसून म्हणाले, कौटिल्याने हा विषय कधीच निकालात काढला आहे: ठरल्या वेळेत काम न देणाऱ्या कारागिराचे वेतन चौथ्या हिश्श्याने कापावे आणि त्याच्या दुप्पट दंड घ्यावा, सांगितल्याविरुद्ध काम केले तर वेतनच जाईल, वर दंड. तुमच्या हातात चौथा हिस्सा आहेच!

त्याच स्नेह्यांनी मला दुसऱ्या एका ग्रंथाची आठवण करून दिली, आणि ती मला अधिक उपयोगी पडली. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेला ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ साली त. गणपतिशास्त्र्यांनी संपादून दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यात स्थपतीच्या ठायी चार गोष्टी हव्यात असे सांगितले आहे: शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील. नुसते शास्त्र जाणणारा, हाताने काम न केलेला माणूस प्रसंग येताच भेकडासारखा गांगरतो. नुसते काम जाणणारा, शास्त्र नसलेला माणूस आंधळ्यासारखा दुसऱ्याच्या हाताने चालतो, असा त्याचा आशय आहे. मला नवल वाटले ते शेवटच्या शब्दाचे. सुमारे हजार वर्षांपूर्वी ज्याने ही यादी केली, त्याला शील हा गुण ओळंबा आणि सूत यांच्याच रांगेत ठेवावासा वाटला.

शील म्हणजे येथे काय? सत्य, अस्तेय वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवले तर मला त्याचा एक घरगुती अर्थ सापडतो: काळजी. मराठीने या एका शब्दात दोन गोष्टी ठेवल्या आहेत. काळजी ‘करणे’ म्हणजे मनाला घोर लागणे, आणि काळजी ‘घेणे’ म्हणजे जपणे. पहिल्याशिवाय दुसरी होत नाही, हे भाषेला ठाऊक आहे. बडोद्यात याची एक टोकाची कथा सांगतात. लक्ष्मीविलास राजवाड्याचा पहिला वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. आपली आकडेमोड चुकली आहे, आपण उभारलेले इमले कोसळणार, या घोराने त्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही असे सांगतात; १८८१ साली तो वारला. पुढे रॉबर्ट चिझमने काम हाती घेतले आणि १८९० साली राजवाडा पुरा झाला. तो आजही खणखणीत उभा आहे. मँटने घोर केला तो नाहक म्हणावा, तर तो घोर करणारा माणूस होता म्हणूनच इमारत उभी राहिली असेल, असेही मनात येते. माझा कंत्राटदार याच्या अगदी उलट टोकाचा. “चिंता ना करशो” म्हणताना तो माझी काळजी काढून घेत होता. पण ती स्वतःकडे ठेवीत नव्हता. रस्त्यात कोठेतरी ती सांडत होती.

त्याच उन्हाळ्यात, २०२५ साली, आमच्या मांडवीच्या एका खांबाला तडे गेले आणि त्याला लोखंडी टेकू द्यावे लागले. पणजीला माझे एक नातलग आहेत, त्यांना फोनवर हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “तुमचो खांबो अजून उबो आसा, आमचो पूल पडलो.” त्यांच्या मनात १९८६ चा ५ जुलै होता. पणजीजवळ मांडवी नदीवरचा नेहरू पूल बांधून फार वर्षे झाली नव्हती. काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारांना आतून गंज चढला आणि पूल नदीत कोसळला. पुढे कित्येक वर्षे माणसे फेरीबोटीतून ये-जा करीत होती. आमच्या बोलण्याला फार दिवस झाले नाहीत तोच, २०२५ च्या ९ जुलैला, वडोदरा आणि आणंद या जिल्ह्यांना जोडणारा महीवरचा गंभीरा पूल भर सकाळी तुटला आणि वाहनांसह माणसे नदीत गेली. तो १९८५ साली खुला झालेला होता.

या बातमीपुढे माझ्या कोनाड्याची गोष्ट काढायलाही संकोच वाटतो. पण विचार करता करता मला दोन्हींत एक धागा दिसला. पूल, खांब आणि माजघर यांच्या नाशाची कारणे अभियंते निरनिराळी सांगतील. त्यांच्या भोवती बोलले जाणारे दोन शब्द मात्र सारखेच असतात. करणारा म्हणतो, ‘थई जशे.’ करवून घेणारा म्हणतो, ‘चालायचेच.’ पहिला शब्द आपण सारे ओळखतो आणि त्यावर संतापतो. दुसरा आपल्याच तोंडचा असल्याने तो आपल्याला सौजन्यासारखा वाटतो. सुसंस्कृत घरांत वाईट कामाला वाईट म्हणणे हे थोडे असभ्य समजले जाते. पैसे देऊन टाकावे, मागे चार लोकांत बोलावे, ही आपली रीत. आयोगाकडे जाणे काय, फोन न उचलणे काय, दोन्हींत एक सोय आहे: त्या माणसासमोर उभे राहून, त्याच्या डोळ्यांत पाहून, हे काम वाईट झाले आहे असे म्हणावे लागत नाही. मी ठरवले की कायद्याचा मार्ग शेवटी आहेच. आधी हे वाक्य म्हणायचे.

त्याला संध्याकाळी बोलावले. ओटल्यावर चहा दिला. कागद समोर ठेवला आणि आवाज न चढवता एकेक कलम वाचले. मग त्याला अगाशीवर नेऊन पट्टीने पाण्याची खोली मोजून दाखवली; खांबाचा रंग नखाने खरवडून खालचा साग दाखवला; लोणा त्याच्या हातावर ठेवला. मापे सांगितली की माणसाला वाद घालता येत नाही, आणि अपमान झाला असेही वाटत नाही. तरीही तो म्हणत होता, मजूर मिळत नाहीत, चुन्याची घाणी आता कोणाकडे आहे, सिमेंट उलट महाग पडले. त्यातले काही खरेही होते. इतक्यात दिवेलागण झाली. मी मुद्दाम काही केले नाही; आई नेहमीप्रमाणे दिवा घेऊन आली. तिची डावी हाताची बोटे त्या सपाट भिंतीवरून सरकत गेली, थांबली, मागे आली, पुन्हा गेली. कंत्राटदार पाहत राहिला. तो हळूच म्हणाला, “बा शुं शोधे छे?” मी सांगितले. त्याने चहाचा कप खाली ठेवला, आणि प्रथमच ‘थई जशे’ न म्हणता गप्प बसला.

तिसऱ्या दिवशी तो आपल्या वडिलांना घेऊन आला. म्हातारा जुना कडिया. चुन्याच्या कामात आयुष्य काढलेला, आता घरी बसून होता. मुलाने कधी थापी हातात धरली नव्हती. या धंद्यात हाताने काम करणाऱ्याला मान नाही हे त्याने लहानपणीच पाहिले होते, आणि त्यालाही मी दोष कसा देऊ? म्हाताऱ्याने मुलाला एक शब्द विचारला नाही. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करीत तो चालला आणि एका ठिकाणी आवाज बदलताच थांबला. त्याने खडूने चौकोन काढला आणि छिन्नी मागितली. विटा निघाल्या. महिरपीची डावी कड शाबूत होती, उजवी भरताना तुटली होती. ती त्याने नंतर चुन्यात घडवली; डाव्यासारखीच, पण हात लावला तर फरक कळतो.

हिशेब असा मिटला. दिवाळीनंतर भिंती सुकल्यावर सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा झाला. ते काम त्याने आपल्या खर्चाने केले. खांबांवरचा रंग सोलून काढायला सुतार लागला. त्याचे पैसे शेवटच्या हप्त्यातून वजा झाले. अगाशीचा उतार पूर्णपणे साधायचा तर सारे उखडावे लागले असते. म्हणून कोपऱ्यात दुसरी पन्हळ काढली आणि त्याबद्दल ठरवून काही रक्कम कापली. उरलेली मी त्याला दिली आणि पावती घेतली. जे दुरुस्त होते ते दुरुस्त करून घ्यावे, जे होत नाही त्याचे मोल कापावे, आणि जे या दोन्हींत बसत नाही ते सोडून द्यावे, अशी निराशेची ही तीन खाती आहेत. पहिल्या दोन खात्यांतले तिसऱ्यात ढकलले की त्याला औदार्य म्हणतात, पण तो आळस असतो. तिसऱ्यातले पहिल्या दोन खात्यांत ओढले की आयुष्यभर भांडण पुरते.

आईला कोनाडा सापडला. उजव्या कडेवर बोट फिरवून ती म्हणाली, “ही बाजू नवी आहे.” तक्रार नव्हती, नोंद होती. तिचा हात आता दिवा ठेवताना डाव्या कडेच्या आधाराने जातो.

काम संपल्यावर मी म्हाताऱ्याला विचारले, “दादा, आता ओल येणार नाही ना?” मला वाटले, निदान तो तरी मला निर्धास्त करील. त्याने ओल्या फडक्याने थापी पुसली, भिंतीकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, “चोमासुं कहेशे.” पावसाळा सांगेल. इतक्या महिन्यांत या कामाविषयी कोणी मला दिलेले तेवढेच आश्वासन होते, आणि त्यावर मी विसंबून आहे.